स्क्रीनशॉट पाठवण्याआधी

बार्शीत एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. काउंटरवर एक फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकं प्रिंटसाठी काय काय पाठवत असतात. पीक विम्याची पावती, कॉलेजची फी भरल्याचं पान, हॉल तिकीट, बँकेचा मेसेज. त्यातलं बरंचसं म्हणजे स्क्रीनशॉट. जे पाठवायचं ते लोक पाठवतातच, पण सोबत जे कुणाला दाखवायचं नव्हतं तेही येतं. वर नोटिफिकेशनची पट्टी उघडी असते आणि तिच्यात दवाखान्याच्या रिपोर्टचा मेसेज. पावतीच्या खाली खात्यातली शिल्लक. मी मान वळवते, पण दुकानात मागे उभा असलेला वळवेलच असं नाही.

आधी काढण्याविषयी. एका फोनचा दुसऱ्या फोनने फोटो काढून आणणारे अजून पुष्कळ आहेत. त्यात ट्यूबलाइटची चमक येते, ओळी तिरक्या होतात, पडद्यावर जाळीदार पट्टे उठतात आणि प्रिंट काढली की आकडे वाचता येत नाहीत. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकाच वेळी दाबून लगेच सोडलं की काम होतं. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०११ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. "मॅडम, माझा फोन बंदच व्हायला लागतो," म्हणणारे काका पॉवरचं बटण आधी दाबतात आणि दुसरं मागून. दोन्ही बोटं एकदम पडली पाहिजेत. होम बटण नसलेल्या आयफोनला उजवीकडचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण. होम बटणवाल्या जुन्या आयफोनला पॉवर आणि होम. शाओमी, रिअलमी, ओप्पो अशा फोनांत तीन बोटं पडद्यावरून खाली ओढली तरी निघतो. सॅमसंगमध्ये तळहाताची कड पडद्यावरून आडवी फिरवली की निघतो. हे चालत नसेल तर सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेलं असतं, तेवढं चालू करून घ्यायचं.

बोटं दुखणाऱ्या, संधिवात असलेल्या माणसांना बटणांचा खेळ नको होतो. त्यांच्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी मेनू आहे. तो चालू केला की पडद्यावर एक छोटं चिन्ह येतं, त्यात स्क्रीनशॉटचं मोठं बटण असतं. आयफोन ८ किंवा त्यानंतरचा असेल तर फोनच्या पाठीवर दोन टिचक्या मारून स्क्रीनशॉट निघेल अशी व्यवस्था करता येते. आमच्या गल्लीतल्या एका आजींना मी हे लावून दिलं. आता त्या नातवाने पाठवलेलं औषधांचं वेळापत्रक स्वतःच काढून ठेवतात.

पान लांब असेल तर लोक पाच-सहा तुकडे पाठवतात आणि कुठला कुठल्यानंतर हे मला विचारत बसावं लागतं. स्क्रीनशॉट निघाला की खाली कोपऱ्यात त्याचं लहान चित्र येतं. अँड्रॉइड १२ पासूनच्या फोनांत तिथंच आणखी खालचं पान घ्यायचं बटण असतं, कुठं 'स्क्रोल', कुठं 'कॅप्चर मोअर', कुठं नुसता खाली जाणारा बाण. ते दाबलं की सगळं पान एका चित्रात येतं. आयफोनवर सफारीत 'फुल पेज' निवडलं तर त्याची पीडीएफ होते, आणि प्रिंटला तीच बरी. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखं पाठवलं की चित्र दाबून लहान होतं आणि बारीक अक्षरं फुटतात. म्हणून स्क्रीनशॉट 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

कोपऱ्यातलं ते लहान चित्र दाबलं की कापायची आणि खरडायची हत्यारं उघडतात, आणि खरी काळजी इथून पुढे घ्यायची. माझ्या मते सगळ्यात उत्तम हत्यार म्हणजे कात्री, अर्थात क्रॉप. जे दाखवायचं नाही ते कडेला असेल तर झाकत बसू नका, कापूनच टाका. वरची नोटिफिकेशनची पट्टी तर प्रत्येक वेळी कापावी. तिच्यात ओटीपी असू शकतो, सावकाराचा तगादा असू शकतो, मुलीच्या स्थळाचा निरोप असू शकतो.

मधला मजकूर मात्र झाकावाच लागतो, आणि तिथं फसगत होते. अनेक फोनांत पेनाशेजारी हायलायटर असतो. लोक त्याचा काळा रंग घेऊन आधार क्रमांकावर दोन-तीनदा फिरवतात. पडद्यावर काळा ठिपका दिसतो, पण हायलायटर अर्धपारदर्शक असतो. दुकानात कुणाला खात्री पटत नसेल तर मी त्यांच्याच परवानगीने त्यांचं चित्र एडिटमध्ये उघडते, ब्राइटनेस आणि एक्स्पोजर पार टोकाला नेते, आणि काळ्याखालून आकडे वर येतात. समोरच्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो. झाकायचं तर पूर्ण भरीव रंगाचा चौकोन ठेवा, किंवा पेन जाड करून, चित्र मोठं करून, एकही फट न ठेवता रंगवा. अक्षरं धूसर करण्यावर किंवा त्यांचे ठोकळे करण्यावरही विसंबू नये. धूसर आकड्यांमागचा मूळ आकडा शोधून देणारे प्रोग्राम मोफत मिळतात. चेहऱ्यासाठी धूसर करणं एक वेळ चालेल, खाते क्रमांकासाठी नाही.

आणि क्यूआर कोड! आधारच्या चित्रावर बाराच्या बारा आकडे नीट झाकलेले असतात आणि शेजारी क्यूआर उघडा. तो स्कॅन केला की नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं बाहेर. त्यापेक्षा यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागतं. क्यूआर मात्र त्यातही असतो, तो आपणच झाकायचा.

कापलेलं खरोखर गेलं का, हा प्रश्न मला २०२३ पासून पडायला लागला. त्या वर्षी मार्च महिन्यात सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोघांनी गूगलच्या पिक्सेल फोनमधला एक दोष जाहीर केला. त्याला 'अक्रोपॅलिप्स' हे नाव पडलं. त्या फोनमधल्या मार्कअप या एडिटरमध्ये स्क्रीनशॉट कापून सेव्ह केला की नवं लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलच्या जागीच लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलचा उरलेला शेपटाकडचा भाग पुसला जात नव्हता. जाणकार माणूस त्या शेपटावरून कापलेला भाग बराचसा परत उभा करू शकत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही असाच दोष निघाला. दोन्ही कंपन्यांनी अपडेट देऊन दुरुस्ती केली, पण आधी पाठवून झालेल्या चित्रांना अपडेट पोचत नाही. फोनचं अपडेट आलं की "नंतर" म्हणून ढकलणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगते.

शंका असेल तर माझी एक सोपी पद्धत आहे. कापून-झाकून झालेलं चित्र पडद्यावर पूर्ण उघडायचं, त्याचाच पुन्हा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो नवा पाठवायचा. नव्या चित्रात जुन्या फाइलचं काहीच येत नाही. झाकलेलं मात्र भरीव रंगाने झाकलेलं हवं, नाहीतर पारदर्शक रंग नव्या चित्रातही तसाच पारदर्शक राहतो.

काही पानांचा स्क्रीनशॉट निघतच नाही. बँकेच्या ॲपमध्ये काळा पडदा येतो किंवा सुरक्षेचा संदेश. फोन बिघडलाय असं समजून लोक माझ्याकडे येतात. ॲप बनवणाऱ्यानेच ते पान बंद करून ठेवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. तिथं दुसऱ्या फोनने फोटो काढायला जाऊ नये. एटीएमचा पिन, पासवर्ड हेही गॅलरीत ठेवू नयेत. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा व्हायरस उघड केला. तो गॅलरीतल्या चित्रांवरची अक्षरं वाचून क्रिप्टो खात्यांचे परवलीचे शब्द चोरत होता, आणि तो अधिकृत प्ले स्टोअर व ॲप स्टोअरवरच्या ॲपमधून आलेला होता. नव्या फोनांत एखाद्या ॲपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटोच द्यायची सोय असते, ती वापरावी.

स्क्रीनशॉट हा कागद नव्हे, हे समजावण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. भूलेखच्या संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन कर्जाला गेलं की हेलपाटा होतो. महाभूमीवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक टाकून बँक खरंखोटं करू शकते. चित्रावरून कसली पडताळणी करणार? ड्रायव्हिंग लायसनचंही तसंच. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य धरा, असं केंद्राने २०१८ मध्ये राज्यांना कळवलं, पण ते ॲपमध्ये उघडून दाखवायचं आहे. गॅलरीतल्या फोटोला ती मान्यता नाही.

पैशाच्या बाबतीत तर मी कडक आहे. "ताई, पाठवले बघा," म्हणून कुणी फोन पुढे केला तरी माझ्या खात्यात जमा दिसल्याशिवाय प्रिंट देत नाही. यूपीआयच्या पावतीसारखं हुबेहूब पान, हवं ते नाव आणि हवी ती रक्कम टाकून बनवता येतं. भाजी मंडईत, रसवंतीवर, गर्दीच्या वेळी अशी चित्रं दाखवून माल नेणारे असतात. खरी पावती असेल तर तिच्यावर बारा आकडी यूटीआर क्रमांक असतो, आणि वाद झालाच तर बँकेला तोच द्यायचा असतो. म्हणून स्वतःच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवताना तो क्रमांक कापला जाऊ देऊ नका.

कधीतरी कुणी मुलगी येते, हळू आवाजात विचारते, मेसेजच्या प्रिंट निघतील का. धमक्या असतात, घाणेरडं बोलणं असतं. इथं कात्री लावायची नाही. वरच्या पट्टीसह पूर्ण पडदा घ्यायचा, तारखा आणि वेळा दिसल्या पाहिजेत. चॅटच्या वर दिसतं ते आपण सेव्ह केलेलं नाव. त्या नावाने काहीच ठरत नाही. नावावर दाबून प्रोफाइल उघडायचं आणि नंबर दिसतो त्या पानाचाही स्क्रीनशॉट काढायचा. न्यायालयात अशा नोंदी दाखल करायच्या तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. नुसत्या प्रिंटवर भागत नाही आणि मूळ फोन मागितला जाऊ शकतो. त्यामुळे समोरच्याला ब्लॉक केलं तरी चॅट पुसायचा नाही, फोन विकायचा नाही, रीसेट करायचा नाही. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावायचा, प्रिंट नंतर. अशा प्रिंटचे मी पैसे घेत नाही, आणि प्रिंट निघाल्यावर दुकानाच्या फोनमधून ती चित्रं तिच्यासमोरच डिलीट करते, रिसायकल बिनमधूनसुद्धा.