खेळावरचा बहिष्कार : कोणाच्या हाकेवर?

बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पिढ्यान् पिढ्या तो आपण भोगला. पण मानवी हक्क तुडवले जात असतील तर खेळाडूने तोच हत्यार म्हणून वापरावा काय? वर्गात एका विद्यार्थ्याने हे विचारले आणि मी अडखळलो. मुलगा कबड्डी खेळतो. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागेल, या आशेवर त्याचे घर बसले आहे.

१९७४ साली भारताने पुण्यात सोव्हिएत रशियाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका. तिथे वर्णभेद हा राज्याचा कायदाच होता. भारत खेळला नाही. चषक न खेळता त्यांना मिळाला. अमृतराज बंधूंना पुन्हा अंतिम फेरी दिसायला १९८७ उजाडले, आणि तेव्हा स्वीडनने हरवले. १९७६ साली सोवेटोत पोलिसांनी शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतरही न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत खेळत राहिला. न्यूझीलंडला ऑलिंपिकमधून न वगळल्याने वीसहून अधिक देशांनी, त्यांत बहुतेक आफ्रिकी, माँट्रिआलवर पाणी सोडले. १५०० मीटरचा विश्वविक्रमवीर, टांझानियाचा फिल्बर्ट बायी, धावलाच नाही. किंमत अशी खेळाडूच मोजतो. ठराव करणारे मोजत नाहीत.

मग ती मोजावी का? माझी कसोटी एकच : हाक कोणाची आहे? विषम समाजात खेळ निकोप असू शकत नाही, असे सांगत खेळ थांबवायला निघालेले हसन होवा दक्षिण आफ्रिकेतलेच, पीडितांपैकी होते. १९८० चा मॉस्कोवरचा बहिष्कार मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांनी पुकारला. तो महासत्तांच्या पटावरचा डाव होता. दोन्हींना एकाच मापाने मोजणारे लोक मला एकतर भोळे वाटतात, नाहीतर बेरकी.

वर्णभेद केवळ खेळामुळे कोसळला असे मी म्हणणार नाही. तो तिथल्या जनतेने लढून पाडला. पण रग्बी-क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या गोऱ्यांना जग आपल्याला का टाळते हे घरबसल्या कळले, ते खेळामुळेच.

आणि हे हत्यार आपल्याला परकेही नाही. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत चांभार कुटुंबातल्या बाळू पालवणकरांना हिंदू संघाने डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघातून बाहेर पडले. पुढच्याच सामन्याला बाळू उपकर्णधार झाले, भाऊ परतले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. दोघांवाचून संघाचे अडत होते, म्हणून हे घडले, हेही विसरू नये. ज्याच्यावाचून कोणाचेच अडत नाही, त्याच्या बहिष्काराची दखल कोण घेणार?

त्या मुलाला मी म्हणालो, "हाक तिथल्या पीडितांची असेल तर थांब. तुझ्या नोकरीसाठी भांडायला मी येईन."

तो हसला. "सर, आधी जिल्ह्याच्या संघात तरी घेऊ देत."