डिजिटल दरी : टॉवर, ॲप आणि बहात्तर तास

डिजिटल दरी म्हणजे संगणक, मोबाइल आणि इंटरनेट ज्यांच्या हाताशी आहे आणि ज्यांच्या नाही, त्यांच्यातले अंतर. ही संज्ञा १९९०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. या दरीचा मुख्य मुक्काम मात्र विकसनशील देशांतच राहिला. २०२४ मध्ये जगातली सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटबाहेर होती.

ती बुजवण्याचे प्रयत्नही याच देशांत झाले. बांगलादेशात १९९७ पासून ग्रामीण बायकांनी कर्जावर मोबाइल घेऊन गावाला फोनची सोय करून दिली. केनियात २००७ मध्ये साध्या फोनवरून पैसे पाठवणारी एम-पेसा सेवा सुरू झाली. महाराष्ट्रातला गाजलेला प्रयोग वारणेचा. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी सेवा असा मोठा घाट होता. शेतकरी प्रत्यक्षात यायचा तो उसाचे वजन आणि बिल बघायला. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले, तर संगणकावाचून काही अडेना. गरज न विचारता यंत्र आधी पोचवण्याची सवय मात्र सुटली नाही.

धाराशिव जिल्ह्यातही तेच दिसते. तिथल्या लोहारा तालुक्यातले सास्तूर ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले गाव. त्यानंतर या पट्ट्यात नवी घरे झाली, रस्ते झाले. २०१८ मध्ये हा जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे मागास, जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या यादीत प्रगती मोजताना इंटरनेट जोडलेल्या ग्रामपंचायतीही मोजल्या जातात. पण वायर पंचायतीपर्यंत आली म्हणजे ती माणसापर्यंत आली असे होत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या जेमतेम २५ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ४९ टक्के. घरात फोन असतो, तो बापाच्या नाही तर मुलाच्या खिशात. शालेय शिक्षणाच्या २०२१च्या ‘असर’ पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तरी त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या हाती तो येतच नव्हता.

यातून मधला माणूस उभा राहतो. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची केवायसी अशा प्रत्येक कामाला सीएससी (सामायिक सेवा केंद्र) किंवा आपले सरकार केंद्र. शेतकरी आधार कार्ड, पासबुक आणि ओटीपी येणारा मोबाइल घेऊन जातो. सर्व्हर डाऊन असला तर ‘उद्या या’. खुरपणी-काढणीने बोटाच्या रेघा झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्र घेत नाही, आणि खोट तिच्याच अंगठ्यात काढली जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी नोंदवायचा ते पीक आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून फोटोसह ॲपमध्ये भरायचे. तलाठ्याच्या मर्जीतून सुटका झाली हे खरेच. मात्र नोंद राहिली तर दोष शेतकऱ्याचा, अशीही तजवीज त्यात आपोआप झाली.

अशा दोषाची किंमत किती असते, ते धाराशिव जिल्ह्यात त्याआधीच दिसले होते. ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत काढणीला आलेले आणि कापून रानात पडलेले सोयाबीन पाण्यात गेले. पीक विम्याच्या नियमानुसार नुकसानीची सूचना ७२ तासांत कंपनीला द्यायची होती: ॲपवरून, टोल फ्री क्रमांकावर, नाहीतर बँक-कृषी खात्यामार्फत. कोरोनाचा काळ, रानात पाणी. अनेकांना ही मुदत आहे हेही ठाऊक नव्हते. सरकारी पंचनामे झाले होते, तरी वेळेत सूचना नाही म्हणून भरपाई नाकारली गेली. शेतकरी न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पीक गेल्याचे सगळ्या शिवाराला दिसत होते. वाद होता तो ते यंत्रणेला वेळेत कळवले की नाही याचा. मागासलेपण मोजायचेच असेल तर टॉवर मोजण्यापेक्षा असे नाकारलेले दावे मोजणे अधिक उपयोगाचे.

ही दरी बुजवायला प्रत्येक हातात महागडा फोन लागतोच असे नाही. ॲपइतकाच पंचनाम्याचा कागद ग्राह्य धरणे, अंगठा उमटला नाही तर दुसरी ओळख चालवणे आणि सर्व्हर बंद राहिला तितकी मुदत आपोआप वाढणे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. राज्याने वाट वेगळी निवडली. खरीप २०२५ पासून विम्यातून स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षणच वगळले. भरपाई महसूल मंडळातल्या सरासरी उत्पादनावर ठरू लागली. ७२ तासांची सूचना त्याबरोबर गेली, आणि आपल्या एकट्याच्या रानातले नुकसान मागण्याचा हक्कही. योजनेत भाग घ्यायला शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी मात्र लागतेच.