लाल पाण्याचं माहेर

माण तालुक्यातला माणूस नदी दिसली की आधी तिच्यात पाणी आहे का ते बघतो. मी म्हसवडचा. आमची माणगंगा वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू दाखवते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर, 2019च्या एप्रिलमध्ये, बुलेट न्हावा शेवाहून जहाजानं इराणच्या बंदर अब्बासला पाठवली. भारतीय माणसाला पाकिस्तानातून गाडी घेऊन जाणं जवळपास अशक्यच, म्हणून हा समुद्राचा वळसा. तिथून साडेतीन महिन्यांनी मी किर्गिझस्तानात शिरलो.

मधले देश कोरडे होते. इराणमध्ये यझ्दच्या वाळवंटात डोंगराखालचं पाणी जमिनीच्या पोटातून गावापर्यंत आणणारे कनात पाहिले. तुर्कमेनिस्तानात काराकुम वाळवंट ओलांडलं. उझबेकिस्तानात वाट वाकडी करून मोयनाकला गेलो. हे एके काळी अरल समुद्राचं मासेमारी बंदर. 1960पर्यंत अरल जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांमध्ये चौथं होतं. मग त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं आणि समुद्र आटत गेला. आता मोयनाकपासून पाणी शंभर किलोमीटरहून लांब आहे. गंजलेली जहाजं वाळूत उभी आहेत आणि त्यांच्या सावलीला झुडपं वाढली आहेत. मी एका जहाजाच्या पत्र्याला हात लावला. तो तव्यासारखा तापला होता. त्याच दिवशी ठरवलं, अमू दर्या जिथून निघते तिथवर जायचं.

तिथून पुढचा प्रवास म्हणजे उलट्या दिशेनं पाण्यामागे जाणं. ताजिकिस्तानात दुशान्बे सोडल्यावर वख्श नदीवरचं नुरेक धरण लागतं. उंची सुमारे 300 मीटर. आपलं कोयनेचं धरण 103 मीटर उंच आहे, त्यावरून अंदाज करावा. पुढे पंज नदीच्या काठानं रस्ता कित्येक दिवस चालतो आणि पलीकडच्या तीरावर अफगाणिस्तान दिसत राहतो. वख्श आणि पंज एकत्र आल्या की अमू दर्या होते. पंज डोळ्यांसमोर होती, वख्शचं मूळ मात्र अजून डोंगरापल्याड होतं.

पामीर महामार्गावर मुर्गाब सोडल्यावर अक-बैताल खिंड येते, 4,655 मीटर. कळसूबाई 1,646 मीटर. इतक्या उंचीवर हवेत प्राणवायू खालच्यापेक्षा निम्म्याहून थोडाच जास्त असतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल नेहमीइतकंच सोडतो, जळायला हवा पुरत नाही, गाडी काळा धूर टाकते आणि दुसऱ्या गिअरमध्येही दमते. मी बारीक भोकाचा जेट बरोबर ठेवला होता. काराकुल सरोवराच्या वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना तो बदलला आणि इंजिनाचा आवाज सुधारला. माझं डोकं मात्र दुखतच राहिलं.

किझिल-आर्त खिंडीत, 4,280 मीटरवर, ताजिक चौकीनं शिक्का मारला. किर्गिझ चौकी तिथून सुमारे वीस किलोमीटर खाली. मधल्या पट्ट्यात वस्ती नाही. रस्ता म्हणजे लाल चिखल. किझिल म्हणजे लाल. माझ्या बुटांना, साखळीला, पॅनिअरला तीच माती लागली. मागचा ताजिक पठाराचा भाग करडा आणि उजाड, आणि एका वळणानंतर समोर गवत. हिरवं, ओलं, क्षितिजापर्यंत. मी गाडी बंद केली. इतक्या महिन्यांनी कानावर वाहत्या ओढ्यांचा आवाज आला, एकाच वेळी चहूबाजूंनी. मला रडू आलं.

ही अलाय दरी. दक्षिणेला बर्फाची भिंत, त्यात 7,134 मीटरचं लेनिन शिखर. या देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन डोंगराळ आहे, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. त्याचा अर्थ मला सारी-ताश गावाच्या अलीकडे, एका पुलावर कळला. खाली विटकरी रंगाची नदी होती. नाव किझिल-सू, लाल पाणी. तीच पुढे ताजिकिस्तानात सुर्खोब होते. सुर्ख आणि आब, म्हणजे पुन्हा लाल पाणीच. सुर्खोबची पुढे वख्श होते आणि वख्शची अमू दर्या. देश बदलला, भाषा बदलली, तरी माणसांनी नदीला तिच्या मातीच्या रंगानंच हाक मारली. इथून उत्तरेला तालदिक खिंड ओलांडली की उताराचं पाणी सिर दर्याला जातं. म्हणजे अरलच्या दोन्ही नद्यांचं माहेर एका दिवसाच्या रस्त्यावर.

पुलापलीकडे एक मेंढपाळ कुटुंब बोझ-उई ठोकून राहिलं होतं. हा लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. त्याच्या माथ्यावरचं लाकडी कडं, तुंदुक, त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. उन्हाळा आला की ही माणसं मेंढ्या-घोडे घेऊन उंचावरच्या कुरणात, जायलूवर, येतात आणि थंडी पडायच्या आत खाली उतरतात. आमच्या माणदेशातले धनगर पावसाच्या हिशेबानं मेंढरं घेऊन हिंडतात, हे बर्फाच्या हिशेबानं. नमद्यावर हात फिरवला तेव्हा वास ओळखीचा आला, ओल्या घोंगडीचा.

पोरं मला बायके म्हणू लागली. बायके म्हणजे दादा. घरधनिणीनं आधी हातावर कोमट पाणी घातलं, मग पाव तोडून पुढ्यात ठेवला, साय दिली, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा दिला. आंबट, किंचित धुरकट. दोन वाडगे प्यालो.

आजोबांना थोडं रशियन येत होतं, मला त्याहून थोडं. नदीकडे बोट करून मी मोबाइलवरचा मोयनाकचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हे पाणी इथे जायचं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. जहाज पाहिलं, वाळू पाहिली. किती लांब, असं विचारलं. माझ्या वाटेनं अडीच हजार किलोमीटर, मी सांगितलं. त्यांनी बायकोला हाक मारून फोटो दाखवला. ती हात पुसत आली, पाहिलं आणि काही न बोलता दाराशी जाऊन नदीकडे बघत उभी राहिली.