पत्र्यावरची छत्री नेमकं काय पकडते?

टेंभुर्णीत (सोलापूरकडची नव्हे, जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली) पत्र्यांवर आणि गच्च्यांवर बसवलेल्या डिश पाहिल्या, तर सगळ्यांची तोंडं साधारण आग्नेयेच्या अंगाला दिसतात. कंपन्या वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, पण दिशा जवळपास तीच. कारण या डिशना हवे असलेले उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत आणि आपल्या गावाच्या रेखांशापेक्षा पूर्वेला आहेत. आधीच्या काड्यांच्या अँटेनाचं तोंड जमिनीवरच्या टॉवरकडे असे. मराठवाड्याच्या या भागातला मोठा टॉवर खुलताबादजवळच्या म्हैसमाळचा.

डिजिटल टीव्ही आपल्याकडे कसा आला, ते या दिशाबदलातच दिसतं. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. लोकांनी घरचा अँटेना तसाच ठेवला आणि टीव्हीला एक बॉक्स जोडला. आपल्याकडे तसा एकच दिवस कधी उगवला नाही. केबलचं डिजिटलीकरण कायद्याने टप्प्याटप्प्याने झालं. २०१२ मध्ये महानगरांपासून सुरुवात झाली आणि खेड्यांसाठीच्या चौथ्या टप्प्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. दूरदर्शनने टॉवरवरूनही डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. २०१६ च्या सोळा शहरांच्या यादीत औरंगाबादही होतं. पण ते पकडणारे बॉक्स घराघरांत आलेच नाहीत. २०२२ पर्यंत मोजके मोक्याचे टॉवर सोडून ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा फारशी ओरडही झाली नाही. तोवर लोक छत्रीवर गेलेले होते. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ म्हणून सुरू झालेली, आता ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी दूरदर्शनची सेवा हे त्याचं मोठं कारण. तिला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच.

आता ‘सह्याद्री’वरची बातमी घरापर्यंत कशी येते ते पाहू. वाहिनीचं चित्र आधी आकड्यांत बदललं जातं आणि मग दाबून लहान केलं जातं. निवेदकामागची भिंत हलत नसेल, तर ती प्रत्येक चौकटीत नव्याने पाठवायची गरज नसते. ओठ, हात, डोळे एवढंच बदललेलं पाठवलं की भागतं. या काटकसरीमुळे उपग्रहावरच्या ज्या जागेत ॲनालॉगच्या काळात एकच वाहिनी मावत असे, तिथे आता वीसेक साध्या वाहिन्या बसतात. फ्री डिशच्या वाहिन्यांची अशी मोळी बांधून दिल्लीतल्या तोडापूर केंद्रातून ती वर पाठवली जाते. ९३.५ अंश पूर्वेला असलेला जीसॅट-१५ हा उपग्रह ती घेतो, तिची वारंवारता बदलतो आणि देशभर खाली सोडतो. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो.

खाली पोहोचेपर्यंत ही लहर फार क्षीण झालेली असते. डिश स्वतः काहीच ‘पकडत’ नाही, ती वक्र आरसा आहे. साठेक सेंटीमीटरच्या पृष्ठावर पडलेली सगळी लहर ती समोरच्या दांडीवरच्या एलएनबीच्या तोंडात गोळा करते. खरं काम एलएनबीचं. ११ गिगाहर्ट्झच्या आसपासची ही लहर साध्या केबलमधून न्यायला गेलं तर वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी तिला वाढवतो आणि तिच्या वारंवारतेतून ९.७५ गिगाहर्ट्झ वजा करतो. उरते सव्वाएक गिगाहर्ट्झच्या जवळपासची लहर. ती काळ्या केबलमधून बॉक्सपर्यंत येते. त्याच केबलमधून बॉक्स उलट दिशेने एलएनबीला वीज देतो. सांध्यात पाणी शिरलं की दोन्ही कामं बिघडतात.

दिशा लावण्याचं गणित अवघड नाही. टेंभुर्णीच्या परिसरातून जीसॅट-१५ दक्षिणेपासून सुमारे ४२ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर आहे. होकायंत्र नसेल तर डिसेंबरात सकाळी पावणेदहाच्या सुमारास सूर्य ज्या बाजूला असतो ती बाजू धरावी. उपग्रह त्याच्या बराच वर आहे. तरी डिश तेवढी आभाळाकडे पाहताना दिसत नाही, कारण एलएनबीची सावली मध्ये येऊ नये म्हणून तिचा आकार कलता घेतलेला असतो. नजरेने डिश लावणारे इथेच फसतात. त्यात उपग्रह शेजारी शेजारी आहेत: ९५ अंशावर डिश टीव्हीचा, दीड अंशाच्या अंतरावर. साठ सेंटीमीटरच्या डिशचा काठ अर्धा सेंटीमीटर सरकला तरी दिशा एका अंशाने बदलते. म्हणून बॉक्सच्या पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी ‘स्ट्रेंथ’ पाहून समाधान मानू नये. एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी तशीही भरते. पाहायची ती ‘क्वालिटी’.

ॲनालॉगमध्ये लहर कमी पडली की पडद्यावर मुंग्या येत, चित्र दुहेरी दिसे, तरी सामना पाहता येई. डिजिटलमध्ये तसं होत नाही. चित्र एक तर स्वच्छ, नाही तर चौकोन फुटतात आणि लगेच ‘नो सिग्नल’. कपाशी टोकताना एका जागी दोन बिया टाकतात, तसे पाठवतानाच मूळ आकड्यांसोबत जादा तपासणीचे आकडे जोडलेले असतात. फ्री डिशवर बहुतेक ठिकाणी तीनाला एक. वाटेत काही आकडे बिघडले तर बॉक्स या जादा आकड्यांवरून ते दुरुस्त करतो. बिघाड दुरुस्तीच्या पलीकडे गेला की सगळंच कोसळतं. क्वालिटी ऐंशी टक्के असो की पन्नास, चित्रात फरक दिसत नाही, आणि म्हणूनच ढिली डिश उन्हाळाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की ती उघडी पडते. अकरा गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर लांबीची. पावसाचे टपोरे थेंब तिची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं टीव्ही गेला तर तो निसर्ग. रिमझिमीतही जात असेल, तर बोल्ट आवळून, सांधे कोरडे करून क्वालिटी पुन्हा वाढवून घ्यावी. हे काम मे महिन्यातच उरकलेलं बरं.

एक बिघाड मात्र कुणालाच टाळता येत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य आपल्या दृष्टीने बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो आणि काही मिनिटं चित्र जातं. अशा वेळी मिस्त्रीला बोलवू नये. हा प्रकार काही दिवसांत आपोआप थांबतो.

वाहिन्याच गायब झाल्या तर मात्र कारण आकाशात नसतं. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावात जागा विकत घेतात आणि मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्ये काही जातात, काही येतात, काहींची जागा बदलते. बॉक्सला ते कळत नाही, त्याला पुन्हा शोधायला सांगावं लागतं: मेनूमध्ये जाऊन ‘ऑटो स्कॅन’. स्कॅन करूनही शेजाऱ्याकडे दिसणारी वाहिनी आपल्याकडे येत नसेल, तर बॉक्सचं वय पाहावं. काही वाहिन्या आता एमपेग-४ या नव्या पद्धतीने दाबून पाठवल्या जातात. एमपेग-२ च्या काळातल्या जुन्या बॉक्सला त्या उलगडता येत नाहीत. छत्री, एलएनबी आणि केबल तीच चालते, बदलायचा असतो तो फक्त बॉक्स.