शरीरांतर्गत अमली पदार्थांची तस्करी आणि तातडीची वैद्यकीय सेवा

प्रस्तावना :
अमली पदार्थाच्या कॅप्सूल गिळून देशाची सीमा ओलांडणे व नंतर त्या शौचावाटे बाहेर काढणे, ही तस्करीची परिचित पद्धती होय. कॅनडातील टोरांटो येथील अशा रुग्णाची नोंद १९७३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर पकडलेल्या अशा प्रवाशांना जे. जे. रुग्णालयात दाखल केले जाते. कायद्याच्या दृष्टीने ही व्यक्ती संशयित असली, तरी वैद्यकाच्या दृष्टीने ती प्रथम रुग्ण असते.

धोक्याचे स्वरूप :
एका व्यक्तीच्या पोटात ५० ते १०० कॅप्सूल असू शकतात. त्यांपैकी कोकेनची एक जरी फुटली तरी मृत्यू ओढवू शकतो. कॅप्सूल अडकून आतड्यांचा मार्ग बंद होणे, हा दुसरा धोका होय.

निदान व उपचार :
साध्या क्ष-किरण चित्रात कॅप्सूल दिसतीलच असे नाही, सी.टी. स्कॅन अधिक विश्वसनीय ठरते. लक्षणे नसल्यास रुग्णास सतत निरीक्षणाखाली ठेवून पॉलिइथिलिन ग्लायकॉलच्या द्रावणाने आतडी धुतली जातात. तेलयुक्त रेचके टाळली जातात, कारण त्यांमुळे रबरी आवरण कमकुवत होते. हेरॉइनच्या विषबाधेवर नॅलॉक्सोन हा उतारा उपलब्ध आहे. कोकेनवर मात्र विशिष्ट उतारा नाही. त्यामुळे कोकेनची कॅप्सूल फुटल्यास बेन्झोडायझेपिन गटातील औषधे देऊन तत्काळ शस्त्रक्रिया करावी लागते.

कायदेशीर बाजू :
सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १०३ नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने संशयिताची क्ष-किरण तपासणी करता येते. शरीरातील वस्तू बाहेर काढण्याची कार्यवाही मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या सल्ल्याने व देखरेखीखालीच व्हावी, असे हेच कलम सांगते. म्हणजेच पुरावा मिळविण्याची घाई वैद्यकीय निर्णयावर मात करू शकत नाही.

समारोप :
हा प्रश्न केवळ महानगरापुरता मर्यादित नाही. विमानतळ नसलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही पोलिसांच्या भीतीने पुडी गिळलेली व्यक्ती ग्रामीण रुग्णालयात येऊ शकते. घाईत गुंडाळलेली अशी पुडी पोटात लवकर फुटते. काय गिळले, किती व केव्हा, हे सांगण्यास ती व्यक्ती शिक्षेच्या भयाने कचरते आणि नेमक्या याच माहितीवर तिचे प्राण अवलंबून असतात. म्हणून डॉक्टरांविषयीचा विश्वास हाच येथे उपचाराचा पहिला टप्पा ठरतो.