लहान व्यासाचे रायफल काडतूस आणि कोल्ह्याचा प्रश्न : एक विवेचन

प्रस्तावना :
उजनी जलाशयामुळे करमाळा तालुक्यातील जेऊर परिसरात उसाचे क्षेत्र वाढले. कोल्ह्याला उसात आसरा मिळाला. माळरानावर लांडगा पूर्वीपासून आहेच. कोकरू गमावलेल्या मेंढपाळाच्या तोंडी बंदुकीची भाषा येते. राष्ट्रीय छात्र सेनेचा नेमबाजी सराव आटोपला की विद्यार्थीही विचारतात, "सर, या रायफलीने कोल्हा मरेल का?" या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्र आणि कायदा या दोन्ही अंगांनी शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :
काडतुसाच्या निवडीची चर्चा प्रामुख्याने अमेरिकेत आढळते. तेथील कायोटी हा कोल्ह्याचा जातभाई असून त्याचे वजन साधारणतः ९ ते १६ किलो असते. बहुतेक राज्यांत त्याच्या शिकारीस मुभा आहे.

छात्र सेनेच्या .२२ रायफलीची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते व नळीतून सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने सुटते. १९६० च्या दशकात बाजारात आलेल्या .२२३ रेमिंग्टन काडतुसाच्या गोळीचा व्यास जवळजवळ तेवढाच, म्हणजे ५.७ मिलिमीटर आहे. तिचे वजन मात्र सुमारे ३.६ ग्रॅम व वेग सुमारे ९९० मीटर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पहिलीची ऊर्जा सुमारे १९० ज्यूल, तर दुसरीची सुमारे १,७५० ज्यूल, म्हणजे नऊपट भरते. तात्पर्य, केवळ व्यासावरून काडतुसाची शक्ती ठरत नाही.

.२२-२५० रेमिंग्टन याहून वेगवान असून त्याची ऊर्जा सुमारे २,२४० ज्यूल आहे. १९५५ चे .२४३ विंचेस्टर साडेसहा ग्रॅमची गोळी फेकते व सुमारे २,६०० ज्यूल ऊर्जा देते. जड गोळी वाऱ्याने कमी ढळते. मात्र ती कातडे अधिक फाडते. म्हणून कातड्यासाठी शिकार करणारे शरीरात फुटून आतच राहणारी हलकी गोळी पसंत करतात. अंतराचाही विचार करावा लागतो. .२२३ च्या नेहमीच्या हलक्या गोळीची ऊर्जा सुमारे १८० मीटरवर निम्म्यावर येते.

यावरून विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. सरावाची .२२ रायफल २५ मीटरवरील कागदी लक्ष्यासाठी आहे. शंभर मीटरवरील कोल्हा तिने बहुधा जागीच मरणार नाही. तो जखमी होऊन उसात शिरेल आणि तडफडत मरेल. शिवाय ही 'लहान' गोळी दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. सपाट माळावर तिला अडविणारा मातीचा बांध नसतो. पलीकडे वस्ती असते, गुरे असतात.

दुसरे उत्तर कायद्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हाही तेथे आला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. असा प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त झाला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ अन्वये लेखी परवानगी देऊ शकतात. पशुधनाची हानी हे कारण त्यात बसत नाही.

मेंढपाळाचे नुकसान मात्र खरे आहे. त्याला केवळ कायदा ऐकवून भागणार नाही. शासनाच्या नुकसानभरपाई योजनेत लांडगा व कोल्हा यांचाही समावेश आहे. मृत जनावर जागेवरून न हलविता वनविभागास तत्काळ कळविणे, पंचनामा करून घेणे, रात्री जाळीचा वाडा, राखणीचे कुत्रे आणि कोकरांना बंदिस्त निवारा हेच उपयुक्त उपाय होत.

समारोप :
काडतुसाची निवड हा वस्तुमान, वेग, अंतर आणि गोळीमागील आडोसा यांचा हिशेब आहे. जेऊरच्या माळावर हा हिशेब पूर्ण मांडला, तर त्याचे उत्तर 'बंदूक नको' असेच येते. विद्यार्थ्याचा प्रश्न टाळण्यापेक्षा त्याच्यासमोर हा हिशेब मांडणे अधिक शिक्षणोपयोगी ठरेल, असे वाटते.