एकवीस हजारांचा उंबरठा

राबू शकणाऱ्या माणसाने काम मागितले तर ते देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हा विचार महाराष्ट्रात सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात रुजला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग करून पाहिला, 1972 च्या दुष्काळात त्याची निकड सर्वांना पटली आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. ज्यांच्या हातून काम होणेच शक्य नाही अशांचा प्रश्न मात्र उरला होता. त्यांच्यासाठी 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली.

विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त रुग्ण आणि अनाथ मुले अशा 65 वर्षांखालील निराधारांना या योजनेतून दरमहा 1500 रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर 2025 पासून 2500 रुपये झाली आहे, तर पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. अर्ज करणे मात्र सोपे नाही. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरला स्वतःची नगरपरिषद असल्याने विधवेला पतीच्या मृत्यूचा दाखला गावातच मिळतो, पण अर्जाचा निर्णय कोरेगावच्या तहसील कार्यालयातून होतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे सारे जुळावे लागते. शिधापत्रिकेवर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असेल, तर तेवढ्यावरूनही अर्ज अडू शकतो. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे लाभार्थी जिवंत असल्याचा पुरावा, द्यावा लागतो.

खरी अडचण मात्र उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. दिव्यांगांसाठी ती वर्षाला 50,000 रुपये असली, तरी इतरांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. दिवसाची मजुरी 300 रुपये धरली, तर उसाच्या किंवा आल्याच्या रानात 70 दिवस खुरपणी-भांगलणीला गेलेली विधवा या मर्यादेला टेकते, आणि 71 व्या दिवशी ती कागदोपत्री निराधार राहत नाही. याउलट 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत तेवढेच 1500 रुपये अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीला मिळतात. लाडक्या बहिणीला मिळणारी मदत अवाजवी आहे असे नव्हे. पण निराधारासाठी इतकी खालची अट ठेवणे अन्यायाचे आहे आणि ती प्रामाणिक माणसाला खोटा दाखला मिळवायला भाग पाडते.

या योजनेखेरीज इतरही मदत आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील 18 ते 59 वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला 35 किलो धान्य मिळते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत उपचार होतात. यांपैकी काहीही आपोआप दारात येत नाही, आणि दुःखात बुडालेल्या घराला कागद गोळा करण्याचे त्राण नसते. म्हणून शेजारी, शिक्षक, बचत गटातील बाया यांनी अशा घरी जाऊन अर्ज भरून द्यावा, नावांतील फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा आणि तहसीलच्या पहिल्या फेरीला सोबत जावे.